एलएमएस निवडताना सुरुवात रिपोर्टपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे आठशे माणसांची संस्था. निम्मे लोक टेबलावर बसून काम करणारे, निम्मे यंत्रांवर किंवा फिरतीवर, आणि या दुसऱ्या निम्म्यांना संस्थेचा ईमेल नाही. आजवर प्रशिक्षण वर्गात व्हायचे आणि हजेरीचे सह्यांचे कागद फायलीला लागायचे. आता सुरक्षा, आचारसंहिता आणि नव्याने रुजू होणाऱ्यांचे प्रशिक्षण ऑनलाइन न्यायचे आहे. त्यासाठी एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी प्रणाली, निवडायची आहे. समोर तीन वाटा आहेत: मूडल हा मुक्त स्रोत एलएमएस आणून स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे, वर्गणीवर मिळणारी एखादी तयार सेवा घेणे, किंवा सध्याच्या एचआर प्रणालीतलेच लर्निंग मोड्यूल सुरू करणे. यांतली कोणती धरावी?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. दिलेल्या माहितीवरून तयार सेवा घ्यावी. मूडलच हवे असेल तर ते चालवण्याची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीकडून घ्यावे. स्वतःच्या सर्व्हरवर मूडल तेव्हाच, जेव्हा ते सांभाळणारा माणूस नावानिशी ठरलेला असेल आणि त्याच्या कामाच्या यादीत ते लिहिलेले असेल. एचआर मोड्यूलचा विचार करण्याआधी एकच गोष्ट बघा: तुमचे कंत्राटी कामगार त्या प्रणालीत आहेत का? बहुतेक ठिकाणी नसतात, आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते. मात्र हे उत्तर ज्या क्रमाने विचार करून आले, तो क्रम तुम्हाला नावापेक्षा जास्त उपयोगी पडेल. म्हणून तो सविस्तर लिहितो.

बहुतेक संस्था सुरुवात डेमो बघण्यापासून करतात. चार कंपन्या येतात, चौघांचेही पडदे देखणे असतात, मग कोणीतरी एक्सेलमध्ये शंभर-दीडशे वैशिष्ट्यांची यादी करून प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहायला लागतो. सगळ्यांच्या रकान्यात 'आहे' भरते, कारण विचारले की प्रत्येक कंपनी हो म्हणते. शेवटी निर्णय किमतीवर किंवा डेमो देणाऱ्याच्या बोलण्यावर होतो. मी याच्या उलट बाजूने जातो. एलएमएस ही शिकवण्याची जागा वाटते, पण संस्थेत तिचे पहिले काम नोंद ठेवण्याचे असते. कोणी, कोणत्या कोर्सची कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला, किती गुणांनी पूर्ण केली आणि ती कधीपर्यंत ग्राह्य आहे, ही ती नोंद. म्हणून डेमोची तारीख देण्याआधी कागदावर तीन रिपोर्ट हाताने आखा: ऑडिटर मागेल तो, सुपरवायझरला दर सोमवारी लागेल तो आणि वरिष्ठांना तिमाहीला दाखवायचा तो. रकान्यांची नावे लिहा, चार-पाच ओळी काल्पनिक नावांनी भरा. त्यानंतर कंपनीला सांगा की आम्हाला बाकी काही दाखवू नका, फक्त हे तीन काढून दाखवा.

यातला ऑडिटरचा रिपोर्ट साधा दिसतो, पण खरी परीक्षा तिथेच होते. समजा एखादा अपघात झाला आणि आठ महिन्यांनी चौकशीत विचारले गेले: 'त्या दिवशी त्या विभागात कामावर असलेल्या प्रत्येकाचे सुरक्षा प्रशिक्षण त्या तारखेला वैध होते का?' अनेक एलएमएस फक्त आजची स्थिती सांगतात. माणसाची बदली झाली की त्याच्या जुन्या नोंदीसमोरही नवा विभाग दिसू लागतो. त्याने यंदा कोर्स पुन्हा केला की गेल्या वर्षीची तारीख पुसली जाऊन नवी बसते. तो नोकरी सोडून गेला आणि कोणी त्याचे खाते डिलीट केले, तर रिपोर्टमधून तो नाहीसाच होतो. दरम्यान कोर्समधली दोन प्रकरणे बदललेली असतील, तर त्याने जुनी आवृत्ती पाहिली की नवी, हेही कळत नाही. म्हणून डेमोत एक खोटा कर्मचारी तयार करायला सांगा. त्याला कोर्स पूर्ण करायला लावा, विभाग बदला, कोर्स दुसऱ्यांदा पूर्ण करा, खाते बंद करा. आता मागच्या तारखेचा रिपोर्ट मागा. जी प्रणाली हे दाखवते ती तुमच्या कामाची. औषधनिर्मितीसारख्या क्षेत्रात तर हा प्रश्न नेहमीचा आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध नियामक संस्थेने, १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम आणला. कोणी काय बदलले आणि कधी बदलले याचा माग राहिलाच पाहिजे, असे तो सांगतो. तुमच्यावर तो लागू नसला तरी त्यातली ही मागणी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

मुदत संपून पुन्हा करायच्या प्रशिक्षणाचेही असेच. 'रिसर्टिफिकेशन आहे का?' असे विचारले की 'आहे' हेच उत्तर येते. नेमके विचारा: मुदत संपण्याच्या वीस दिवस आधी कोणी कोर्स केला, तर पुढची तारीख पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजणार की जुन्या मुदतीपासून? पहिल्या पद्धतीत वेळेआधी करणाऱ्याची तारीख दरवर्षी अलीकडे सरकत राहते. आपण तत्परता दाखवली तर आपलेच नुकसान होते हे लोकांच्या लक्षात येते, आणि मग सगळे शेवटच्या दिवसाची वाट बघतात. मूळ मूडलमध्ये कोर्स एकदा पूर्ण झाला की झाला. तो ठराविक काळाने आपोआप पुन्हा उघडायला प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, लावावे लागते. मूडलचीच संस्थांसाठीची आवृत्ती मूडल वर्कप्लेस आणि मूडलपासूनच फुटून संस्थांसाठी वाढलेले टोटारा यांत मुदतीची आणि पुनरावृत्तीची सोय आधीपासून आहे. मूडल 'फुकट' म्हणून निवडणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

आता माणसांकडे येऊ. तुमच्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग ईमेल नसलेल्या चारशे लोकांचा आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच प्रणाली ईमेल गृहीत धरून बांधलेल्या आहेत. मूडलमध्येही प्रत्येक खात्याला ईमेल द्यावाच लागतो. मग एचआरमधले कोणी खोटे पत्ते बनवून भरते. पुढे प्रणाली त्या पत्त्यांवर सूचना पाठवत राहते, त्या परत येतात, आणि परत येणाऱ्या ढिगामुळे तुमच्या खऱ्या सूचनाही लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात. शिवाय पासवर्ड विसरला तर नवा मिळवायची वाट ईमेलमधूनच जाते, म्हणजे दर वेळी कोणीतरी हाताने बदलून द्यायचा. यंत्रांवरच्या लोकांसाठी कर्मचारी क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, किंवा सुपरवायझरला स्वतःच्या टीमचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार, यांपैकी एक सोय मिळतेच आहे याची खात्री करा. सामाईक संगणक ठेवणार असाल तर दोन मिनिटे हालचाल नसली की लॉगआउट झालेच पाहिजे, नाहीतर एकाच्या नावावर दुसऱ्याचे प्रशिक्षण जमा होते.

खाती हाताने तयार करायची नाहीत, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. एचआरच्या यादीतून रोज रात्री माहिती यावी. साध्या सीएसव्ही फाइलने आली तरी चालेल. एससीआयएम किंवा एपीआयने, म्हणजे दोन प्रणाली थेट एकमेकींशी जोडून, आली तर उत्तम. टेबलावर काम करणाऱ्यांसाठी सॅमल २.० किंवा ओपनआयडी कनेक्ट वापरून सिंगल साइन-ऑन, म्हणजे ऑफिसच्याच लॉगिनने एलएमएसमध्ये शिरण्याची सोय, घ्या. दोन्ही मानके जुनी आणि रुळलेली आहेत, त्यासाठी कोणी जास्तीचे मोठे पैसे मागत असेल तर घासाघीस करा. यात सर्वांत महत्त्वाचा निर्णय छोटासा आहे: माणूस कशावरून ओळखायचा? कर्मचारी क्रमांकावरून, आणि फक्त त्यावरून. ईमेल बदलतो, लग्नानंतर नाव बदलते, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे होते. ओळख ईमेलवर ठेवली की बदललेल्या ईमेलचे दुसरे खाते तयार होते, माणसाचा इतिहास दोन ठिकाणी विभागला जातो आणि तीन वर्षांचे प्रशिक्षण केलेला माणूस रिपोर्टमध्ये 'बाकी' दिसतो. ही दोन खाती नंतर एकत्र करणे फार किचकट असते, काही प्रणालींत तर शक्यच नसते. नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद करायचे, डिलीट करायचे नाही, हाही नियम त्याच वेळी लिहून टाका.

प्रशिक्षण पूर्ण करून घेण्याचे काम प्रत्यक्षात एचआर करत नाही, सुपरवायझर करतो. म्हणून शिकणाऱ्याचा डॅशबोर्ड कितीही सुंदर असला तरी मी आधी सुपरवायझरचा पडदा बघतो, तोही मोबाइलवर. 'माझ्या टीममध्ये या महिन्यात कोणाचे काय बाकी आहे' हे त्याला एका नजरेत दिसते का? की त्याला रिपोर्ट विभागात जाऊन पाच फिल्टर लावावे लागतात? पाच फिल्टर लावायला वेळ असणारा सुपरवायझर मला आजवर भेटलेला नाही.

आता कोर्सच्या फायली. इथे थोडे तांत्रिक लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त तक्रारी इथूनच येतात आणि निवडीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष इथेच दिलेले असते.

बाहेरून विकत घेतलेला किंवा स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग अशा साधनांत बनवलेला कोर्स बहुधा स्कॉर्म पॅकेज म्हणून मिळतो. स्कॉर्म हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आलेले मानक आहे. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची, त्यानंतरची स्कॉर्म २००४. इतकी जुनी असूनही १.२ आजही सर्रास चालते. पॅकेज म्हणजे एक झिप फाइल, तिच्या मुळाशी कोर्सची रचना सांगणारी मॅनिफेस्ट फाइल आणि बाकी वेब पाने. ब्राउझरमध्ये कोर्स उघडला की तो जावास्क्रिप्टमधून एलएमएसशी बोलतो: हा माणूस इथवर आला, इतके गुण मिळाले, संपले. हे बोलणे जिथे तुटते तिथे नोंद हरवते.

एक उदाहरण जवळून बघा. तुमचा साठ स्लाइडचा सुरक्षा कोर्स आहे. कर्मचाऱ्याने बेचाळीस स्लाइड केल्या, जेवणाची सुट्टी झाली, त्याने खिडकी बंद केली. परत आला तर कोर्स पहिल्या स्लाइडपासून सुरू. तो वैतागतो, सुपरवायझरकडे जातो, सुपरवायझर एचआरकडे, एचआर एलएमएसच्या कंपनीकडे, आणि कंपनी म्हणते कोर्समध्ये दोष आहे. खरे कारण बहुतेक वेळा दोहोंच्या मधले असते. माणूस कुठवर आला ही खूण स्कॉर्म 'सस्पेंड डेटा' नावाच्या एका रकान्यात ठेवते. १.२ मध्ये त्याची मर्यादा ४,०९६ अक्षरे आहे. प्रत्येक स्लाइडवर प्रश्न, शाखा आणि ओढून टाकायची चित्रे असलेला लांब कोर्स ती मर्यादा ओलांडतो, खूण अर्धवट जतन होते आणि पुढच्या वेळी कोर्सला ती वाचता येत नाही. स्कॉर्म २००४ च्या नंतरच्या आवृत्त्यांत ही मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे. काही एलएमएस १.२ मध्येही मर्यादेपलीकडचे साठवून घेतात, काही नेमके कापतात. उपाय तीन: कोर्स लहान तुकड्यांत करायचा, २००४ मध्ये काढायचा, किंवा सैल हाताने साठवणारा एलएमएस घ्यायचा. २००४ चा विचार करताना मूडलबाबत सावध राहा. मूडल स्कॉर्म १.२ नीट हाताळते, पण २००४ ला त्याचा अधिकृत पाठिंबा नाही. तुमच्याकडचे विकत घेतलेले कोर्स २००४ चे असतील तर मूडलचा विचार तिथेच थांबवावा लागेल, किंवा ते कोर्स १.२ मध्ये पुन्हा मागवावे लागतील.

१.२ ची दुसरी गोम अशी की 'पूर्ण केले' आणि 'उत्तीर्ण झाला' हे दोन्ही एकाच रकान्यात लिहिले जाते. कोर्स 'पूर्ण' असे कळवतो, तुमचा नियम 'उत्तीर्ण' शोधतो, आणि ९० टक्के गुण मिळवलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळत नाही. २००४ मध्ये हे दोन रकाने वेगळे केले गेले. म्हणून ट्रायलमध्ये तुमचा सर्वांत लांब, सर्वांत गुंतागुंतीचा कोर्स टाका, कंपनीचा नमुना कोर्स नको. मोबाइलवर अर्धा करा, बाहेर पडण्याचे बटण न दाबता ॲप बंद करा, संगणकावर उघडा. मुद्दाम नापास व्हा, मग पास व्हा. मध्येच नेट बंद करा. प्रत्येक वेळी रिपोर्टमध्ये काय दिसते ते लिहून ठेवा. एका दुपारचे काम आहे, आणि डेमोतल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जाते. कोर्स एलएमएसमध्येच नीट चालत नाही की मुळातच सदोष आहे हे कळायला तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउड या कोर्स तपासायच्या ऑनलाइन सेवेवर टाकून बघा, वाद लगेच मिटतो.

एक्सएपीआय या शिकण्याच्या नोंदींच्या आणखी एका मानकाचे नाव तुमच्या कानावर पडेलच. २०१३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ब्राउझरच्या खिडकीबाहेर घडणारे शिकणेही नोंदवता यावे, हा त्यामागचा विचार, आणि विचार चांगला आहे. त्याच्याच आधारावर स्कॉर्मची जागा घेण्यासाठी २०१६ मध्ये सीएमआय५ हे मानक आले. पण तुमच्या तीन रिपोर्टपैकी एकालाही आज त्याची गरज नाही. कंपनी 'आम्ही एक्सएपीआय सपोर्ट करतो' म्हणाली तर त्याच्या नोंदी (त्यांना 'वाक्ये' म्हणतात) कुठे साठतात आणि त्यांतून कोणता रिपोर्ट निघतो एवढेच विचारा. उत्तर स्पष्ट नसेल तर त्या मुद्द्याला गुण देऊ नका.

याच ओघात एक आग्रह. प्रत्येक कोर्सची मूळ, संपादन करता येणारी फाइल तुमच्या ताब्यात ठेवा, पॅकेज बनवून देणाऱ्याशी करारातच तसे लिहा. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश, म्हणजे जुने कोर्स ब्राउझरमध्ये चालवणारे तंत्र, बंद केले तेव्हा ज्यांच्याकडे फक्त तयार पॅकेज होते त्यांचे कोर्स कायमचे गेले. मूळ फाइल असणाऱ्यांनी ते नव्याने एचटीएमएल५ मध्ये काढले. एलएमएसच्या आतच कोर्स बनवण्याचे साधन मिळते तेही सोयीचे असते, पण त्यात बनवलेले बहुधा तिथून बाहेर काढता येत नाही. छोट्या सूचना, प्रश्नमंजुषा त्यात करा. ज्यावर महिनाभर मेहनत घेणार तो कोर्स बाहेरच्या साधनात करा.

मराठीत प्रशिक्षण देणार असाल तर तीन गोष्टी हाताने तपासा. पहिली, प्रमाणपत्र. पडद्यावर देवनागरी सुरेख दिसते आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरे सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. मूडलमध्ये पीडीएफसाठी टीसीपीडीएफ ही लायब्ररी वापरली जाते आणि तिला देवनागरीची जुळणी नीट जमत नाही. बाकीच्यांतही हे आढळते. ज्या नावांत जोडाक्षर, रफार आणि पहिली वेलांटी आहे अशा पाच नावांची प्रमाणपत्रे काढून बघा. आपले नाव तुटलेले असलेला कागद कोणी अभिमानाने जपून ठेवत नाही. दुसरी, एक्सपोर्ट. रिपोर्टची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर नावे वाचता येतात का ते पाहा. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची खूण फाइलच्या सुरुवातीला नसेल तर सगळी अगम्य चिन्हे दिसतात. तिसरी, टंकलिखित उत्तरांची आपोआप तपासणी. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या क्रमांनी टाइप होऊ शकतो, डोळ्यांना तो एकच दिसतो, पण संगणक अक्षरांचे कोड जुळवतो आणि बरोबर उत्तर चूक ठरवतो. मराठी परीक्षेत लघुत्तरी प्रश्न एकतर माणसाने तपासावेत किंवा त्यांऐवजी बहुपर्यायी प्रश्न ठेवावेत. बाकी बटणांचे भाषांतर अर्धेमुर्धे असले तरी लोक निभावून नेतात. सूचना आणि चूक झाल्याचे संदेश मात्र मराठीत हवेत, कारण माणूस अडतो तो तिथेच.

फिरतीवरच्या लोकांसाठी ऑफलाइन सोय लागेल का, हे त्यांच्या कामाच्या जागी जाऊन ठरवा. मूडलच्या ॲपमध्ये स्कॉर्म १.२ आणि तशी परवानगी दिलेल्या प्रश्नमंजुषा ऑफलाइन करता येतात. इतरांकडे 'ऑफलाइन' म्हणजे कधी फक्त पीडीएफ डाउनलोड असते. व्हिडिओचा हिशेबही करून ठेवा. सेकंदाला दीड मेगाबिटचा दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ११२ एमबी होतो. सामाईक खोलीत शंभर जण एकाच वेळी बघायला बसले तर १५० एमबीपीएस लागतात. कॅप्शन असलेल्या चित्रांचा कोर्स अनेकदा हेच काम कितीतरी कमी डेटात करतो.

यंत्रावर काम करणाऱ्याचे सुरक्षा प्रशिक्षण 'पुढे' बटण दाबत संपवता येत नाही, आणि संपवू नये. ऑनलाइन भाग माहिती देतो. हात यंत्राजवळ कसा ठेवायचा, वीज कशी तोडून कुलूप लावायचे, हे कोणीतरी उभे राहून बघायलाच हवे. म्हणून निवडीत माझी एक अट असते: सुपरवायझरला मोबाइलवर तपासणी-यादी उघडून 'हे मी प्रत्यक्ष करताना पाहिले' अशी नोंद स्वतःच्या नावाने आणि तारखेने करता आली पाहिजे, आणि ती झाल्याशिवाय कोर्स पूर्ण धरला जाऊ नये. टोटारा आणि बऱ्याच तयार सेवांमध्ये हे आहे. एखाद्यात नसेल तर बाकी कितीही चांगले असले तरी तुमच्या निम्म्या लोकांसाठी ते अपुरे आहे. एलएमएस आल्यावर वर्गातले प्रात्यक्षिक बंद करण्याचा मोह संस्थांना होतो. कृपा करून तसे होऊ देऊ नका. माणसांच्या हातापायांचा प्रश्न आहे.

पैशांकडे वळू. तयार सेवा दोन पद्धतींनी आकारणी करतात: नोंदणी केलेल्या खात्यांवर किंवा महिन्यात सक्रिय असलेल्या खात्यांवर. नोंदणीच्या पद्धतीत वर्षभरात दोनशे जण गेले आणि दोनशे आले तर काही करारांत तुम्ही हजार खात्यांचे पैसे भरता. बंद केलेले खाते मोजले जाते का, हे लेखी घ्या. सक्रिय पद्धतीत तीनशेचा करार केलात आणि वार्षिक सुरक्षा प्रशिक्षण एकाच महिन्यात लावलेत की त्या महिन्यात आठशे सक्रिय होतात. मग प्रशिक्षण विभागवार वर्षभर पसरून लावायचे, जे तसेही चांगले. 'सक्रिय' म्हणजे नुसते लॉगिन की कोर्स उघडणे, हेही विचारा.

मूडल २००२ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, परवान्याला पैसे नाहीत, आणि त्याची प्रश्नपेढी मला आजही बहुतेक महागड्या सेवांपेक्षा सरस वाटते. पण ते आपोआप चालत नाही. दर मिनिटाला क्रॉन, म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणारी सर्व्हरवरची सोय, चालला पाहिजे, तो बंद पडला की सूचना आणि पूर्णतेच्या नोंदी गुपचूप थांबतात. बॅकअप डेटाबेस आणि फायलींचे फोल्डर या दोन्हींचा, एकाच वेळचा हवा. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर लावायला हव्यात, आणि तुम्ही जोडलेले प्रत्येक प्लगइन नव्या आवृत्तीत चालते का हे दर वेळी बघावे लागते. दीर्घकाळ आधार मिळणारी एलटीएस आवृत्ती धरलीत, जसे ऑक्टोबर २०२४ ची ४.५, तर हे ओझे कमी होते, संपत नाही. हे काम 'आयटीतले कोणीतरी बघेल' असे असेल तर मूडल घेऊ नका. कॅनव्हास आणि गूगल क्लासरूम शाळा-महाविद्यालयांच्या वर्ग, सत्र, शिक्षक या चौकटीत बसतात, क्लासरूम तर स्कॉर्म थेट चालवतच नाही. ओपन एडएक्स हजारो बाहेरच्या लोकांसाठी खुले कोर्स चालवायला उत्तम, पण तुमच्या कामाला जड होईल.

बॅज, गुणफलक, एआयच्या शिफारशी यांवर निवड ठरवू नका. एआयने प्रश्नांचे कच्चे मसुदे मिळतात, ते विषय जाणणाऱ्याने तपासले तर वेळ वाचतो, पण ते एलएमएसबाहेरही करता येते. सुलभता मात्र ठरवणारी बाब आहे: फक्त कीबोर्डने कोर्स पूर्ण करता येतो का, स्क्रीन रीडर नीट वाचतो का, व्हिडिओला कॅप्शन आहे का. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मानकाच्या २.१ किंवा २.२ आवृत्तीच्या एए पातळीचा अहवाल मागा.

सही करण्याआधी बाहेर पडण्याची वाट चालून बघा. या बाजारात मालक बदलत असतात. कॉर्नरस्टोन या एलएमएस कंपनीने २०२० मध्ये सबा आणि २०२२ मध्ये समटोटल या प्रतिस्पर्धी कंपन्या घेतल्या. हार्वर्ड आणि एमआयटीने उभे केलेले एडएक्स २०२१ मध्ये टूयू या कंपनीकडे गेले. उद्या तुमची सेवा दुसऱ्या कोणात विलीन झाली तर नोंदी तुमच्या हातात हव्यात. करारात लिहा: पूर्णतेच्या सर्व तारखा, प्रत्येक प्रयत्नाचे गुण, कोर्सची आवृत्ती, प्रमाणपत्रे आणि अपलोड केलेली मूळ पॅकेजेस, वाचता येणाऱ्या स्वरूपात, करार संपल्यावर ठराविक दिवसांत आणि जास्तीचा आकार न घेता. आणि ट्रायलमध्येच एकदा सगळे एक्सपोर्ट करून ती फाइल उघडून बघा. 'एक्सपोर्ट' बटणातून फक्त नाव आणि 'पूर्ण' हा शब्द बाहेर येतो, हे तेव्हाच कळलेले बरे.

ट्रायल तीन-चार आठवड्यांची, पंचवीस-तीस लोकांची, आणि सर्वांत अवघड विभागातली घ्या. पुढे हे रोज चालवणारी व्यक्तीच ती चालवू दे. कंपनीचा माणूस शेजारी बसलेला नको. मध्येच मदतकक्षाला एक खरा, थोडा किचकट प्रश्न पाठवा आणि उत्तर किती वेळात, कसे येते ते बघा. विकण्याआधी जो प्रतिसाद मिळतो त्यापेक्षा नंतरचा चांगला मिळत नाही.

जुन्या सह्यांच्या कागदांचे काय करायचे, हे बहुतेकांना शेवटी सुचते. सगळे टाइप करत बसू नका. एक तारीख ठरवा. त्या दिवशी ज्यांची मुदत शिल्लक आहे तेवढ्याच नोंदी कर्मचारी क्रमांक, मूळ तारीख आणि 'वर्गात घेतलेले' अशा खुणेसह आत घ्या, म्हणजे पुढच्या स्मरणसूचना बरोबर तारखेला जातील. बाकीचे कागद स्कॅन करून विभाग आणि वर्षवार ठेवा, आणि ते कुठे आहेत याची एक ओळ ऑडिटरच्या रिपोर्टच्या तळाशी टाका.